टोचलेल्या सुया, काढलेल्या सुया

३ मार्च

आत चौदा, बाहेर तेरा! ग्रंथालयातल्या बाई पालथ्या पडलेल्या, आणि आम्ही दोघं त्यांच्याभोवती चादरी झटकतोय. केसांत पाहिलं, टेबलाखाली बॅटरी मारली. सुई नाहीच.

हे म्हणाले, "अगं, तेराच टोचल्या होत्या मी." पण मोठ्यानं आकडा सांगतात हे, आणि चिठ्ठीवर लिहिते मी. आमच्या अॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात एकतीस वर्षं हाच नियम – आकडे जुळल्याशिवाय पेशंटनं उठायचं नाही. मी चौदाच लिहिलंय. वय झालं यांचं.

५ मार्च

नवा पेशंट. बस ड्रायव्हर, खांदा धरलाय. एवढा धिप्पाड माणूस, सुईचं नाव काढताच घाम फुटला! माझं नेहमीचं सांगून झालं – उपाशीपोटी यायचं नाही, कपडे सैल घालायचे, सुई केसाएवढी बारीक असते, पाकीट तुमच्यासमोर फोडू आणि वापरली की टाकून देऊ. जड वाटेल, झिणझिण्या येतील, पण आग झाली तर लगेच सांगायचं. एका खेपेत जादू होत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, आणि कुठल्या घेता ते लपवायचं नाही.

"हे ऐकून जास्तच भीती वाटायला लागली हो!" म्हणाला. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी रोज घेतो म्हणे. बरं झालं विचारलं! अशांना सुया बेतानं टोचाव्या लागतात, नाहीतर रक्त साकळतं.

८ मार्च

आज उलटं. आत नऊ, बाहेर अकरा! सुया काय पिल्लं घालतात? मी हसले. हे हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले नुसते.

मला भीती वाटते. उद्या एखादी सुई कुणाच्या अंगात राहिली तर?

१० मार्च

यांचा कोट धुवायला काढला, तर खिशात चिठ्ठ्या. आकड्यांच्या! स्वतःच वेगळे लिहून ठेवतायत, मला चोरून. म्हणजे आपण विसरतोय हे कळलंय यांना. सांगायला काय झालं मला? रडू आलं.

लेकीला फोन केला. "बाबांना दाखवायला हवं गं." "बाबांना?" तिनं विचारलं. मग "बरं आई, मी येते." सोमवारची वेळ घेतली, विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरांची. यांना अजून सांगितलेलं नाही.

१२ मार्च

ड्रायव्हरचा दंड कोपरापर्यंत काळानिळा. त्याच्या डॉक्टरांनी त्याला चांगलंच झापलं. "ताईंना सांगितलं होतं की गोळीचं!" – माझ्याकडे बोट दाखवून. साफ खोटं! एक अक्षर बोलला नाही. फॉर्मवर ती जागा कोरी आहे. मला कळलं असतं तर मी लिहिलं नसतं?

यांनी हात जोडून त्याची माफी मागितली. "चूक माझी. मी परत विचारायला हवं होतं." तो गेल्यावर मी यांना नाही नाही ते बोलले. म्हटलं, बंद करा आता हे, तुमच्याच्यानं होत नाही. हे शांतपणे म्हणाले, "हो, बंद करू." एवढंच. मला वाटलं होतं, भांडतील.

१५ मार्च

डॉक्टरांना दाखवायला म्हणून तारखा हव्या होत्या, यांच्या चुकांच्या. मागची पानं चाळली.

पाच तारीख. गोळीचं तिथं लिहिलंय. अक्षर माझंच आहे.

फोन करून सोमवारच्या वेळेसाठी दिलेलं नाव बदललं.