सौमित्रचं नाव

उज्जैन, १२ फेब्रुवारी १९९५

प्रिय सुलू,

तुला आशीर्वाद, वसंतरावांना नमस्कार. इकडे सगळे ठीक. रजनीचे गुडघे या थंडीत फार बोलले. माधवनगरात केबल आली आहे. शेजारी दिवसभर टीव्ही कोकलतो, डोकं उठतं.

तुझं पत्र पोचलं. सौमित्र सस्पेंड झाला, तर 'दादा, भय्यासाहेबांच्या कानावर घाल, ते निपटवतील' असं तू लिहिलंस. तुझंही बरोबरच आहे. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आमच्या पाणी विभागात बडे बाबू म्हणजे भय्यासाहेबच. साहेबसुद्धा शनिवारी त्यांच्या ओसरीवर येऊन बसतात. जन्मात कुणाचा पैसा खाल्ला नाही माणसाने, म्हणून हा मान. निवाडा झाला की ते गूळ फिरवतात. ज्याने गूळ तोंडात टाकला, त्याला निवाडा मान्य.

आमच्या विभागाच्या नव्या पाण्याच्या टाकीची भिंत खचली, त्यात सौमित्रचा काडीचा दोष नाही. काम कच्चं आहे हे त्याने साहेबांना तोंडावर सांगितलं होतं, माझ्यासमोर. साहेबांनीच पुढे रेटलं आणि आम्ही माना डोलावल्या. आता भोपाळच्या वरिष्ठांना दोषी म्हणून एक नाव हवं आहे.

सुलू, ते नाव भय्यासाहेबांनीच काढलं. म्हणाले, "लड़का अकेला है, डिग्री है, आजकल प्राइवेट में भी नौकरियाँ खुल रही हैं. बाकी सबके घर चूल्हे हैं." एकेकाने गूळ तोंडात टाकला. मग ताटली फिरत माझ्यापाशी आली.

मी गूळ घेतला. तुझा मुलगा माझ्या घरी राहतो-जेवतो, तरी घेतला. साहेब अडकले तर आम्हा सगळ्यांना घेऊन बुडतील. माझी नोकरी थोडीच उरली आहे, अश्विनीचं लग्न व्हायचं आहे. लाज वाटते गं, पण नुसती वाटून काय उपयोग?

सौमित्रला यातलं काही ठाऊक नाही. बावीसला, बुधवारी, चौकशी आहे. साक्षीदार म्हणून त्याने माझं नाव दिलंय. काल जेवताना रजनीला म्हणाला, "मामी, मामा आहे ना, मग मला कसली फिकीर?"

बुधवारी मी 'आठवत नाही' म्हणणार आहे. तू येऊन पाया पडलीस तरी तेच म्हणेन, इतकं मला स्वतःला ओळखता येतं. तरी तू ये. त्या संध्याकाळी तो आमच्या घरी परतणार नाही, आणि या गावात त्याचं दुसरं कुणी नाही.

दादा म्हणून सही करवत नाही.

विलास