भिंतीकडे वळवलेला टायर

बाबा,

तुम्ही दुपारचे झोपलेले असताना न विचारता पिकअप नेली, याची क्षमा असावी. चारही टायर बदलून आणले आहेत. किल्ली साखरेच्या डब्याखाली आहे. मी आता मुलांची शिकवणी घ्यायला निघते.

तुम्ही गाडी रोज भिंतीला खेटून का लावता, ते काल उमगलं. मागच्या डाव्या टायरची नक्षी पावसात राहिलेल्या पत्रासारखी पुसली गेली होती. खाणीवरून परतताना उतारावर गाडी घसरल्याचं तुम्ही सांगितलं नाहीत. गाडीच्या दारावरच्या ओरखड्यांनी सांगितलं.

टायरवाले काका म्हणाले, "तुझ्या बापाची अर्धी वाट डांबराची, अर्धी चिखलाची. दोन्हीकडे चालतील असेच घे." म्हणून ऑल-टेरेन घेतले. डांबरावर ते गुरगुरतात, असं म्हणून तुम्ही ते दोनदा टाळलेत. आताही नाक मुरडाल, खुशाल मुरडा.

मात्र मी परतले तेव्हा आई आतूनच म्हणाली, "वळणावरच ऐकू आलीस गं!" तिने ते ओरखडे माझ्या आधीच पाहिले होते; तेव्हापासून ती रोज संध्याकाळी तुमच्यासाठी खिडकीशी उभी असते. आता तिला बसून वाट पाहता येईल.

तुमची,
मास्तरीणबाई