ताईच्या वॉलेटमधलं दुसरं कुणीतरी

३ फेब्रुवारी

ताईचा फोन. गुडघा? — बरा. खोकला? — गेला. सुनेची कंबर? — "तिची तीच जाणे!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबू, तुझे दाजी पैसे पाठवतात रे."

दाजी जाऊन दोन वर्षं होतील!

तिच्या जुन्या फोनवर क्रिप्टो वॉलेट, म्हणजे डिजिटल पैशाचं पाकीट, मीच बसवून दिलं. तो प्रोग्राम आम्ही चार-पाच हौशी मंडळी फुकटात सांभाळतो. साठवलेलं सगळं तिने त्यातच ठेवलंय. औषधाला थोडं काढलं की दुसऱ्या दिवशी तेवढंच परत येतं म्हणे. "त्यांना उणं राहिलेलं कधी खपायचं का?"

५ फेब्रुवारी

वाटलं, प्रोग्राम जुनीच शिल्लक दाखवत असेल. नाही! पैसे खरेच येताहेत.

६ फेब्रुवारी

ताईकडे गेलो. तिचा फोन बंद करून टेबलावर ठेवला, माझ्या लॅपटॉपवर तिचं वॉलेट बघत बसलो. बसल्या बसल्या त्यातले पैसे तिच्याच एका पत्त्यावरून, म्हणजे कप्प्यातून, दुसऱ्यावर सरकले — तिच्याच चावीने, त्या गुप्त आकड्याने! घरात आपण दोघंच, आणि आतल्या खोलीत कुणीतरी कपाट आवरतंय, तसं वाटलं.

ताई मात्र हसली. "बघ! आहेत ना?"

९ फेब्रुवारी

सापडलं. चावी बनवताना कुणालाही न सुचणारा आकडा लागतो. फोनने तो दिला नाही, तर आमचा शहाणा प्रोग्राम थांबायचं सोडून घड्याळातली वेळ घेतो. आणि जुन्या फोनची बॅटरी पार संपली की घड्याळ पुन्हा कारखान्यातल्या पहिल्या तारखेला! दोन फोन, एकच वेळ — एकच चावी. कुठेतरी कुणीतरी हेच वॉलेट आपलं समजून वापरतंय. उद्या तिसरा आला आणि सगळं घेऊन गेला तर?

१० फेब्रुवारी

प्रोग्राममधली घड्याळाची ती ओळ उडवली. आकडा मिळाला नाही तर आता चावी बनतच नाही. पण जुन्या वॉलेटांना त्याचा काय उपयोग? त्यातले पैसे हलवायलाच हवेत.

ताईला समजावलं. "म्हणजे ते नव्हते?" नव्हते, म्हटलं. मग म्हणाली, "माझं तेवढंच काढ. परक्याचं त्याला राहू दे."

तसंच केलं. पैशासोबत चार शब्द जोडता येतात, म्हणून मागे चिठ्ठी सोडली — 'या वॉलेटची चावी दोघांकडे आहे. चूक प्रोग्रामची. ताबडतोब नवं करा.'

१२ फेब्रुवारी

ताईच्या नव्या वॉलेटवर चिमूटभर पैशासोबत उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो.

'हे वॉलेट माझ्या बायकोचं. ती गेल्यावरही पैसे कमी व्हायचे. वाटायचं, तीच खर्च करतेय. तिला कमी पडू नये म्हणून भरत होतो. तिकडे कोण होतं? बरं आहे ना त्यांचं? लवकर लिहा.'