पुढच्या दाराची घंटी

आगर, डहाणू
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. बीपी ताब्यात आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. शाळा सुरू झाली, पण सहामाहीचे पेपर अजून पिशवीतून तलासरीला जातात आणि तसेच परत येतात. त्यांचा एसटीचा प्रवास तेवढा होतोय. दक्षाबेनच्या मांजरीला पिल्लं झाली. एकही तिच्यावर गेलेलं नाही, यावरून दक्षाबेन अस्वस्थ आहे.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ‘आई, गोळी घेतलीस? आई, जेवलीस? आई, दार लावलंस?’ एवढं होईपर्यंत तुझी मीटिंग येते. आणि मी जरा गप्प राहिले की तू रडायला लागतेस, हे गुरुवारी पाहिलंच. पत्र वाचताना माणसाला मधे बोलता येत नाही. म्हणून पत्र.

गुरुवारी तू म्हणालीस की हॅम्बुर्गच्या नोकरीला नकार कळवणार, येत्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे, आणि कारण मी. ‘तुला त्या घरात एकटं टाकून मी जाऊच शकत नाही, आई. मला सगळं दिसतंय.’ तुला काय काय दिसतंय आणि काय दिसत नाही, हेच सांगायला बसले आहे. पण सरळ मुद्द्यावर येणं मला जमत नाही, हे तुझे बाबा हयात असते तर त्यांनीही सही करून दिलं असतं. तेव्हा आधी, गेल्या वर्षीच्या दिवाळीत तू घरात जी यंत्रं बसवून गेलीस, त्यांची प्रगतिपुस्तकं.

पहिला नंबर मोटारीच्या प्लगचा. पूर्वी मी सकाळी मोटार लावायचे, डब्याच्या नादात विसरायचे, आणि टाकी भरून पाणी दक्षाबेनच्या भिंतीवरून उतरायचं. मग तिचं सुरू. ‘जयाबेन, माझ्या भिंतीला रोज अंघोळ कशाला? ती काय लग्नाला चालली?’ आता मी तलासरीच्या स्टाफरूममधून मोबाइलवर बोट ठेवते आणि आगरला मोटार बंद होते. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये ‘झाली!’ असं ओरडले. बाईंची सून बाळंत झाली की काय असं वाटून सगळ्यांनी अभिनंदन केलं. मला सून नाही हे नंतर कुणाला तरी आठवलं.

वस्तू उपयोगाची कधी म्हणायची, याबद्दल माझं मत या प्लगमुळे पक्कं झालंय. जी आपलं काम करते आणि मग गप्प बसते ती. माणसांनाही हे लावून बघितलं, तर आपले अर्धे नातेवाईक नापास होतात.

तुझा पहिला प्लग मात्र महिन्याभरातच जळला, हेही नोंदवून ठेवते. एवढ्याशा प्लगवर मोटारीचा भार टाकायचा नसतो म्हणे. ते नीट करायला दक्षाबेनने रविंद्र यांना पाठवलं. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, राहायला नरपडला, मूळचे तलासरीपलीकडच्या डोंगरातले. त्यांनी मधे एक जाड पेटी बसवली, तेव्हापासून काही बिघडलेलं नाही. तुला ते आठवतील. घंटीच्या कॅमेऱ्यात दिसले म्हणून तू पुण्याहून लगेच फोन केला होतास. ‘आई, हातात पक्कड घेऊन कोण उभंय?’

दुसरा नंबर पडवीतल्या दिव्याचा. माणूस आला की लागतो, गेला की विझतो. दोन्ही हातांत पिशव्या असताना त्याच्यासारखा सज्जन नाही. फक्त वीज जाऊन परत आली की तो आपोआप पेटतो आणि भर दुपारी लखलखत बसतो. आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुला ठाऊक आहे. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटतं, या बाईकडे रोजच काहीतरी सण आहे.

तिसरी ती बोलकी डबी, स्वयंपाकघरातल्या फडताळावरची. तिच्याबद्दल माझं मत संमिश्र आहे. गोळीची वेळ बरोबर सांगते आणि ‘कालही विसरली होतीस’ असं ऐकवत नाही, हा गुण मोठा. बातम्या लाव म्हटलं की लावते. पण तिला मराठी येत नाही. मी आयुष्यभर पोरांना मराठी शिकवलं आणि आता माझ्याच ओट्याशी उभं राहून ‘चावल के लिए दस मिनट का टाइमर लगाओ’ म्हणते. शिवाय नाव घेतल्याशिवाय ती ऐकत नाही, असं तू सांगितलं होतंस. ते खोटं आहे. फोडणी तडतडली, पातेल्यावर झाकण आपटलं, की ती दचकून जागी होते, निळी पेटते आणि पुढची चार वाक्यं टिपून ठेवते. कुठे ठेवते? तुझ्या मोबाइलात. हे मला गुरुवारी कळलं.

आणि चौथी घंटी. हिला मी नापास केलंय.

सई, तू या घरात वाढलीस. तुझी मैत्रीण कधी पुढच्या दाराने आलेली तुला आठवते? कोळीण मागून येते, दक्षाबेन मागून येते, शाळेतल्या बाया मागून येतात, चिकूच्या वाडीतून, चुलीपर्यंत चपला न वाजवता. पुढचं दार परक्यांचं. मीटर वाचणारा, कुरिअरवाला, मतं मागायला येणारे. दक्षाबेन एकदा पुढून आली होती, आमचं भांडण झालं होतं तेव्हा. घंटी वाजवून, अंतर राखून, ‘तुमची वाटी’ म्हणून वाटी परत केली आणि गेली. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग मीच मागून गेले.

आणि तू पुण्यात राहून हे इतकं विसरलीस, की डोळा लावलास तो त्याच दाराला! मग तुला वर्षभर काय दिसणार? सिलिंडर. ‘आई, महिन्यात तुझ्याकडे कोणीही आलं नाही. फक्त गॅसवाला.’ अगं, त्या महिन्यात मी पोहे करून इतकी दमले होते की चहापत्ती लपवून ठेवावी लागली.

हे तुला फोनवर सांगता आलं असतं. खरं तर सांगायलाच हवं होतं. पण मग तू विचारलं असतंस, कोण कोण येतं. आणि मी सांगितलं असतं, दक्षाबेन येते, शाळेतल्या बाया येतात... आणि तिथे अडखळले असते. तुला माझं अडखळणं ओळखू येतं.

आता गुरुवारचं. तू डबीतलं ऐकवलंस. माझाच आवाज. ‘अजून एक भाकरी घ्या की.’ मग दुसऱ्या दिवशीचा, ‘थांबा ना जरा, पाऊस कमी होऊ दे.’ मग, ‘उद्या याल ना? बोंबील आणते.’ आणि मधे नुसती शांतता. तू घोगऱ्या आवाजात म्हणालीस, ‘आई, तू त्या मशीनला भाकरी वाढतेस? तिला बोंबील खायला बोलावतेस?’ आणि रडायला लागलीस.

मी गप्प बसले. तू समजलीस, खरं आहे म्हणून गप्प बसले. मी गप्प होते कारण मला एकाच वेळी हसू फुटत होतं आणि घाम. माझ्यापुढे दोनच रस्ते होते. एक, आईला भ्रम झालाय असं तुला वाटू द्यायचं. दुसरा, खरं सांगायचं. आणि घटकाभर, सई, मला पहिला सोपा वाटला! भ्रमाला गोळ्या असतात. दुसऱ्याला काही नाही.

बरं. खिडकी लावून आले. पेपरांचा एक गठ्ठाही तपासून झाला. सातवी ब ला निबंध शिकवायला हवा. आता लिहिते.

मधल्या शांततेत माणूस होता. भाकरी तोंडात असताना माणूस काय बोलणार? आणि तोंड रिकामं असतानाही रविंद्र फारसं बोलत नाहीत. पस्तीसेक वर्षं सिग्नल खात्यात काढली, त्यांना वाटतं लाल आणि हिरवं एवढ्यावर जगाचं भागतं. नुसती मान हलवतात. तुझी डबी मान टिपत नाही, हा तिचा दोष.

पहिल्या दिवशी ते आले ते बाबांच्या फोटोला नमस्कार करून मगच स्टुलावर चढले. मी सांगितलं नव्हतं. नंतर ते कधी पेटी तपासायला आले, कधी नरपडहून भाजी घेऊन. प्रत्येक वेळी पुढून. घंटी वाजवायची, दोन पावलं मागे सरायचं आणि कॅमेऱ्याकडे न बघता उभं राहायचं. तू तेव्हा चिडवायचीस, ‘आई, तुझे मोटारकाका आलेत.’ मग पावसाळ्याच्या तोंडाला ते यायचे बंद झाले, आणि तू म्हणालीस, ‘बघ, आता तेही येत नाहीत.’ तुझ्या आवाजात किती काळजी होती.

ते यायचे बंद झाले नव्हते, सई. त्या दिवशी मी ओट्यापाशी पाठमोरी होते, पीठ मळत होते, आणि मागच्या दारातून कुणीतरी म्हणालं, ‘पाट्यावर ठेवू का कोथिंबीर?’ मी वळले. स्कूटर वाडीच्या कुंपणाशी लावून, चपला उंबऱ्याबाहेर काढून ते उभे. स्वतःच्याच धाडसाने घाबरलेले. मला म्हणता आलं असतं की अहो, पुढून या. मी म्हटलं, ‘ठेवा. आणि हात धुऊन घ्या, भाकरी गरम आहे.’

एवढंच झालं. याहून जास्त काही झालंय असं समजू नकोस, आणि कमी झालंय असंही समजू नकोस.

दक्षाबेनला अर्थात पहिल्याच दिवशी कळलं. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी तुझ्या सगळ्या यंत्रांच्या वरताण आहे, आणि तिला चार्जिंग लागत नाही. आठवडाभर तिने कळ काढली. मग कढी घेऊन आली आणि म्हणाली, ‘जयाबेन, स्कूटर माझ्या कुंपणाला टेकवायला सांग त्यांना. तुझं कुंपण मोडकं आहे, पडेल.’ तेवढ्यावर तिची मान्यता झाली. बायका उगाच बडबड करतात म्हणतात.

लग्न हा शब्द अजून आमच्यापैकी कुणी वापरलेला नाही. दोघांनाही वाटतं दुसऱ्याने वापरावा. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. गावी आई आहे, बुधीबाई. मागच्या रविवारी ते मला तिकडे घेऊन गेले. भात कापून झालाय, खळ्यावर झोडणी चाललेली. म्हातारी ऐंशीच्या घरात, पण सूप माझ्यापेक्षा झपाट्याने पाखडते. मला नागलीची भाकरी वाढली, शेजारी बसून खाताना न्याहाळलं, आणि लेकाला काही न विचारता मलाच म्हणाली, ‘तुला पोर आहे ना? तिला सांगलंस?’

मी म्हटलं, अजून नाही.

‘मग हितं कशी आली?’ रागाने नाही गं. खरंच कळेना तिला. ‘पयली तिला सांग. मग ये, मग आणखी वाढीन.’ आणि ताटात दुसरी भाकरी पडली नाही. शाळेत माझ्या दराऱ्याने पोरं चिडीचूप होतात, आणि इथे मी अर्धपोटी हात धुऊन उठले. रविंद्र येताना सगळा रस्ता हसत होते. आवाज न करता, खांदे हलवून.

तेव्हाच सांगणार होते. मंगळवार गेला, बुधवार गेला. तू गुरुवारी रडलीस.

एक गोष्ट मात्र खरी सांगते, नाहीतर तुला वाटेल आई विनोद करून निसटतेय. बाबा गेल्यावर मी एकटी होते. तू बसवलीस त्या यंत्रांमुळे ते एकटेपण गेलं नाही. संध्याकाळी घरात शिरताना दिवा आपोआप लागायचा तेव्हा तर जास्तच वाटायचं की लावणारं कुणी नाही. तुला हे कधी कळू दिलं नाही, कारण तू तेव्हाही असंच केलं असतंस, पुण्याची नोकरी सोडून आगरला येऊन बसली असतीस, आणि मग दोघी मिळून एकट्या झालो असतो. तुझी काळजी खोटी नव्हती, सई. फक्त वर्षभर उशिरा पोचली.

तू जा. इतक्या परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी आहे, ती माझ्या भाकरीवरून सोडायची नाही. थंडीचे कपडे पुण्यात घेऊ नकोस, तिथेच घे, इथले तिथे पुरत नाहीत असं शाळेतल्या जाधव बाईंचा मुलगा सांगतो. जाण्याआधी आठ दिवस इकडे ये. यांना बघ, बोलून घे. म्हणजे तू बोल, ते मान हलवतील. नाही आवडले तर तसं तोंडावर सांग. मी ऐकेन. मानेनच असं नाही, पण ऐकेन.

राग आला असेल तर तोही रीतसर कर. सहा महिने मी लपवलं, तुझा हक्क आहे. फक्त एक क्रम पाळ. आधी कंपनीला होकार पाठव, मग मला फोन करून हवं तेवढं भांड. उलटं करू नकोस. भांडण आपलं कधीही होईल, शुक्रवार एकदाच येणार.

आजवर तुला लिहिताना खाली नुसतं ‘आई’ लिहायचे. आजची बातमी आईने द्यायची नव्हती, तिला तेवढं धाडस नाही. म्हणून माझं नाव लिहिते.

तुझी,
जयमाला