वायर शोधू नका

बाबा,

कॉम्प्युटरची वायर मी काढून नेली आहे, शोधत बसू नका.

काल स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजला आणि तुम्ही घाबरून तिथल्या नंबरवर फोन केलात, तेव्हा आपला कॉम्प्युटर ठणठणीत होता. तेच पान मी माझ्या कोऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहिलं. तिथेही बरोबर एकशे बारा व्हायरस निघाले. म्हणजे तपासणी वगैरे काही नव्हती, नुसतं चित्र होतं. खरा बिघाड नंतर झाला, फोनवरच्या त्या माणसाला तुम्ही कॉम्प्युटरच्या आत घेतलंत तेव्हा. बँकेला सकाळीच कळवून खातं बंद करून घेतलं आहे. आईचे फोटो वेगळे काढलेत, सगळे आहेत.

"पोरगा सज्जन होता गं, आईची चौकशी केली त्याने," असं तुम्ही दोनदा म्हणालात. बाबा, आपल्या स्क्रीनवर आईचा फोटो आहे आणि त्याला आपली स्क्रीन दिसत होती. तो पाहूनच त्याने "काकू कशा आहेत" विचारलं. आई गेल्याचं तुम्ही त्याला सांगत बसलात, तेवढ्यात त्याने पासवर्ड मागितला. ऐकूनच शिसारी आली मला. अजून हात धुवावेसे वाटताहेत.

दुपारी तो पुन्हा फोन करेल. तुम्ही वाट बघत बसाल, हेही मला माहीत आहे. उचलू नका. आईबद्दल कुणीतरी विचारावं असं वाटत असेल, तर आज मी लॅबमधून लवकर येते.

मी विचारीन.

– ठमी