बाबांचा पाय चुकला

१७ नोव्हेंबर, रविवार

चि. गट्टू,

आशीर्वाद. इकडची खुशाली म्हणजे, गच्चीची गळती एकदाची थांबली. मागच्या खोलीला रंग दिला. जरा गडदच झालाय, पण होईल सवय. बाबांचं जेवण कमी झालंय. झोप लागते असं ते म्हणतात. फोन केला की तू ‘ताई, मीटिंगमध्ये आहे’ म्हणून सुटतोस, म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

शिवणवाल्या काकूंच्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं. पुन्हा मशीनवर बसता येईल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. ‘बघू’ म्हणतात. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

बाबांनी लायसन्स परत केलं. जन्मभर बस चालवली त्या माणसाने, कुणाला ओरखडा नाही. आता दूध आणायला गेले की दुकानातली माणसं गप्प होतात. परवा वाणी माझ्यासमोरच म्हणाला, “म्हाताऱ्याच्या हातात गाडी द्यायचीच कशाला?” बाबा पिशवी धरून मान खाली घालून उभे. वाण्याचा मला राग आला नाही. त्याला जे सांगितलं गेलं तेच तो बोलला. शिसारी आली ती दुसऱ्या कुणाची.

पोलिसांच्या कागदावर काय आहे ते तुला ठाऊक आहे. मी शेजारच्या सीटवर होते, तेव्हा मी पाहिलेलं ऐक. दवाखान्यातून निघालो आणि उतार लागला. ही तुमच्या कंपनीची विजेची गाडी तूच दिलीस आणि तूच शिकवलंस, की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती आपोआप हळू होते. इतके दिवस बाबा त्या उतारावर तसंच करत आले. त्या दिवशी पाय उचलला आणि गाडी हळू झालीच नाही, मोकाट सुटली. बाबांनी ब्रेक दाबला, चांगला जोरात दाबला. पण तेवढ्यात वळण आलं आणि वळणावर काकू होत्या.

निघताना गाडीच्या पडद्यावर अक्षरं आली होती, ‘सॉफ्टवेअर अपडेट: किरकोळ सुधारणा पूर्ण’. बाबा कौतुकाने म्हणाले होते, “गट्टूने काहीतरी चांगलं करून पाठवलं असेल.”

हॉस्पिटलात तू लगेच आलास. काकूंकडे फिरकला नाहीस. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून बाकावर बसलास.

“बाबा, पाय ब्रेकवरच होता ना?”

“हो.”

“नक्की? घाईत ॲक्सिलरेटरवर पडला नसेल?”

“नाही रे.”

“आठवून बघा. या वयात होतं असं. माझ्या टीमचं नाव येतंय, बाबा.”

हवालदार आला तेव्हा बाबांनी माझा हात घट्ट दाबून धरला, मी बोलू नये म्हणून, आणि म्हणाले, “साहेब, माझा पाय चुकला.”

खोटं बोला, असं तू म्हणाला नाहीस. तेवढा हुशार आहेस. तुझा तो मऊ आवाज आठवला तरी अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

पुढच्या आठवड्यात अंगणात उभ्या उभ्या गाडीने आणखी एक सुधारणा घेतली. कुणाला विचारलं नाही, काही सांगितलं नाही. मी गाडी त्याच उतारावर नेली. पाय उचलला. शहाण्या मुलीसारखी हळू झाली. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. गुपचूप पुसून टाकलंत, जसं मांजर माती ओढतं.

मी लिफ्ट तपासते, गट्टू. आत माणूस असताना आम्ही तिच्या यंत्रणेला हात लावत नाही. बदल केला तर नव्या-जुन्या प्रत्येक प्रकारच्या लिफ्टवर आधी चालवून बघावा लागतो, तोही बाहेरच्या माणसासमोर. बिघडलं तर पूर्ववत करायची सोय आधी, बदल नंतर. आणि काय बदललं ते वापरणाऱ्याला सांगायचंच. हा आमचा चांगुलपणा नव्हे. आमच्यातही कामचुकार कमी नाहीत. पण धंद्यातल्या सगळ्यांनी मिळून ते ठरवलंय, कारण कधीतरी कुणीतरी मेलं होतं. तुमच्याही धंद्यात असं ठरलेलं आहे, हे मला तुझ्याच तोंडून कळलं. जेवताना हसत म्हणाला होतास, “ते स्टँडर्ड पाळत बसलो तर एक अपडेट सहा महिने लटकेल. सक्ती कुठाय अजून? आणि जुन्या मॉडेलवर कोण तपासत बसणार?”

जुनं मॉडेल म्हणजे बाबांची गाडी. तू जेवत होतास त्याच घराच्या अंगणात उभी होती ती.

काल मी काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुझे बाबा रोज येऊन पायाशी बसतात गं. माफी मागतात. मी एकदाही ‘असू दे’ म्हटलं नाही.” आणि तोंडावर पदर घेतला.

बाबा रोज जातात, हे मला माहीत नव्हतं. मला सांगायचे, चालून येतो म्हणून.

बुधवारी मी पोलिसांत जबाब द्यायला जाणार आहे. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “पोराची नोकरी जाईल.” मी म्हटलं, “जाऊ दे.” तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. ताट वाढलं की जेवतात, उठतात.

त्या वळणावर बाबांचा पाय नेमका कुठे होता, याची नोंद गाडीने केलेली असते आणि ती तुमच्याकडे आहे. ती घेऊन माझ्याबरोबर चल. नाही आलास तरी मी जाणार, आणि तुझं नाव घेणार. धाकटा म्हणून तुझं पुष्कळ झाकलं आम्ही. बाबांनी तर स्वतःचं अख्खं आयुष्य त्यावर पांघरलं. आता मला त्या पांघरुणाचा वास सहन होत नाही.

आलास तर आधी काकूंकडे जा. त्यांच्यासमोर बोल. मग घरी ये.

ताई