रंग चढलेला हाली रुपया

बाई, गेल्या महिन्यात एका रुपयाचा भाव सांगताना तुमची इतकी गरज वाटली, की आज शेवटी कागद घेऊन बसले. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की बदनापुरात तुमच्या दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. तिथल्या पोरांना इथं कधी डॉक्टरबाई बसायच्या हेही ठाऊक नाही. मी मात्र त्या रस्त्यानं गेले की अजून मान वळवून बघते. मी तुमच्याकडं केसपेपर लिहायला आणि गोळ्यांच्या पुड्या बांधायला आले, तेव्हा लग्न होऊन नुकती त्या गावात आले होते. तुम्हाला जुन्या नाण्यांचा नाद आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण दुपारी पेशंट संपले की तुम्ही जेवायच्या आधी मागच्या स्वयंपाकघरात जायच्या आणि ओट्यावर पांढरा रुमाल पसरायच्या. त्या खिडकीतून ऊन थेट येत नव्हतं, नुसता उजेड यायचा, आणि तुम्हाला तोच पाहिजे असायचा. गॅसवर चहा उतू जायचा. मी धावत जाऊन तो बंद करायची, आणि तुमचं लक्षच नसायचं. एकदा मान वर न करता तुम्ही म्हणालात, "इकडे ये. हे बघ. काय दिसतं?" मी बघितलं आणि म्हणाले, "काळा पडलाय." तुम्ही हसलात. "नीट बघ. थोडा तिरपा धर." मी तिरपा धरला आणि त्या काळ्यातून एकदम निळा रंग वर आला. विहिरीच्या तळाशी काहीतरी हलावं तसा. बाई, तो क्षण मी कुणाला सांगितलेला नाही. सांगितला तर लोक हसतील, की नाणं बघून हिच्या अंगावर काटा आला.

पुढची कितीतरी वर्षं मी तुमच्याकडून तेच शिकत राहिले. चांदीवर वर्षानुवर्षं हवेनं, कागदानं, कापडानं चढणारा तो रंग. आता जमवणारे सगळे त्याला टोनिंग म्हणतात, तुम्ही नुसतं 'रंग चढलाय' म्हणायच्या. आणि रंगापेक्षाही अवघड म्हणजे त्याचा भाव. तुम्हाला आठवतं का, एक म्हातारे बाबा सुनेच्या पाटल्या घडवायला जुने रुपये मोडीत घालायला निघाले होते आणि आधी खोकल्याचं औषध घ्यायला आले? रुपयांची पुरचुंडी त्यांनी टेबलावर ठेवली. तुम्ही विचारून ती सोडली आणि त्यातला एक बाजूला काढला. बाबा लगेच म्हणाले, "त्यो करपला हाये बाई. त्याचे कमीच धरा." तुम्ही म्हणालात, "बाबा, हाच तर सगळ्यात भारी आहे. सराफ देईल त्याच्या चौपट मी देते, पण घाई करू नका, अजून कुठं दाखवायचा असेल तर दाखवून या." बाबा गेल्यावर मी म्हणाले, ते तर स्वतःच कमी घ्यायला तयार होते. तेव्हा तुम्ही मला चांगलंच झापलंत. "त्यांना माहीत नाही म्हणून भाव उतरत नाही. भाव नाण्याचा असतो, समोरच्याच्या अडाणीपणाचा नाही." आणि दुसऱ्यांदा झापलंत ते मी एका बाईला तिचं नाणं 'अनमोल' आहे म्हणून सांगितलं तेव्हा. "अनमोल म्हणजे भाव करायचा कंटाळा," असं म्हणून तुम्ही मला पुन्हा ओट्याशी बसवलंत.

तुमची पद्धत मी अजून तशीच चालवते. आधी रंग नाहीच असं समजायचं. नाणं कोणतं, झिजलंय किती, आणि तेच नाणं पांढरं, स्वच्छ असतं तर आज कितीला गेलं असतं, हे पक्कं करायचं. मग रंगाकडं वळायचं. तो खरा आहे का, म्हणजे खालची चमक त्याच्यातून दिसते का, आणि एका रंगातून दुसऱ्यात जाताना तो हळूहळू जातो का. खरा असेल तर त्यानं नाणं खुललंय की नुसता डाग पडलाय? आणि मग तसं नाणं घ्यायला लोकांनी खरोखर किती मोजले. मागितलेला भाव तुम्ही कधी धरला नाहीत, दिलेलाच धरलात. एखाद्या लिलावात दोन हट्टी माणसं समोरासमोर आली आणि दहापट बोली गेली, तर तुम्ही म्हणायच्या, तो त्या दोघांचा भाव, बाजाराचा नाही. तरी तुम्हीही एकदा फसलातच. पुण्याच्या प्रदर्शनातून मोरपंखी रुपया आणलात, तिप्पट पैसे देऊन, आणि दोन दिवसांनी ओट्याशी बसून स्वतःच म्हणालात, "धूर दिलाय गंधकाचा. रंग वर तरंगतोय बघ, खाली काहीच दिसत नाही." मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही तो रुपया स्टेथोस्कोपशेजारी ठेवून दिलात आणि आल्यागेल्याला हसत दाखवलात. त्यानंतरच तुम्ही मला ते सांगितलंत, की जे नाणं आपल्यालाच हवंसं वाटतं त्याचा भाव त्याच दिवशी करायचा नाही. मन थंड झालं की करायचा.

आता मी जालन्यात राहते. तुमच्यानंतर दवाखाना बंद झाला आणि मी नाण्यांचाच धंदा धरला. घराच्या पुढच्या खोलीत बसते. लोक फोटो पाठवतात, काही जण घेऊनच येतात. तसे गेल्या महिन्यात टेंभुर्णीचा एक शेतकरी आणि धावड्याला दिलेली त्याची थोरली बहीण आले. दोघांनी खुर्च्या एकमेकांपासून लांब ओढून घेतल्या, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. त्यांची आई जाऊन दहा-बारा वर्षं झाली. घराचं काम काढल्यावर तिची पेटी उघडली, आणि त्यात घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेला निजामाचा हाली रुपया निघाला, चारमिनारचा. बहीण म्हणाली तो मला पाहिजे. भाऊ म्हणाला विकू. ह्यावरून बोलाचाली झाली आणि ती भाऊबीजेला माहेरी आली नाही.

भावानं रुपया माझ्या हातात दिला, आणि बाई, मी तो लगेच खिडकीच्या उजेडात धरला. असा मी तुमच्याकडंही बघितला नव्हता. एक बाजू साधी राखट, पण चारमिनारच्या बाजूला कडेनं गर्द निळा, त्याच्या आत डाळिंबी, आणि मधोमध पिकल्या मोसंबीच्या सालीसारखा पिवळा. त्या पिवळ्यात चारी मिनार उभे. तिरपा धरला की खालची चमक गोल फिरायची. झीज जवळजवळ नाहीच. लोकरीनं इतकी वर्षं गुपचूप बसून हे काम केलं होतं.

"मोबाइलवर असाच रुपया दोन लाखाला दाखवून राह्यले," भाऊ म्हणाला. "आमच्या पोरानं काढून दाखवला मला."

"दोन लाख मागतात. दिले का कुणी?"

"ते न्हाई माहीत."

बहीण म्हणाली, "ताई, मला पैशाचं काही न्हाई. आईची चीज हाये, मला ती पाह्यजे. तुमी बराबर भाव सांगा, त्याच्या अर्धे मी ह्याला देते."

"अन् दोन लाख निघाले तर? एक लाख कुठून आणशील?"

"गळ्यातली पोत मोडीन."

भाऊ खाली बघायला लागला. मला त्याच वेळी भाव सांगता आला असता. पण माझी मूठ त्या रुपयावरून सुटत नव्हती, आणि हे दोघं भांडून थकले तर तो मलाच मिळेल, असा विचारही येऊन गेला होता. म्हणून तुमचं ऐकलं. म्हणाले, मला दोन-चार जणांना विचारू द्या, पुढच्या मंगळवारी या. रुपया भावाला परत दिला, तो त्यानं खिशात घातला आणि दोघं दोन वाटांनी गेले.

मी चौकशी केली, शांतपणे विचार केला. तसाच न झिजलेला साधा हाली रुपया पाच-सहा हजारांना जातो. ह्या रंगाला लोक अडीचपट, तिप्पट देतील. पंधरा हजार हा सरळ भाव, थांबायची तयारी असेल तर थोडे वर. मला स्वतःला तो नसता हवा तरी मी हेच सांगितलं असतं, इथपर्यंत मन नेलं तेव्हा मला बरं वाटलं.

मंगळवारी दोघं आले. भावानं खिशातून नवा रुमाल काढला, उलगडला आणि रुपया माझ्यासमोर ठेवला. पांढराशुभ्र. स्टीलच्या नव्या वाटीसारखा.

"चिंच अन् राख लावून बसलो दोन तास," तो म्हणाला. "पोरगी दाखवायची म्हणलं तर तोंड धुऊनच दाखवतेत ना? म्हणलं मॅडमलाही जरा बरा दिसावा."

त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, बाई, की मला ओरडताही येईना. मी भिंग लावलं. बारीक ओरखड्यांचं जाळं, चमक मेलेली. तेव्हा आठवलं की तुम्ही प्रत्येकाला पहिलं वाक्य काय सांगायच्या. धुऊ नका. मी त्या दिवशी रंगात इतकी गुंगले की तेवढंच सांगायचं राहिलं.

"अडीच हजार," मी म्हणाले.

"बस? परवा तर किती येळ बघत बसल्या होत्या तुमी."

बहीण माझ्याकडं बघत होती. "धुतल्यानं उतरला का भाव, ताई?"

तिथं मला तुमची गरज होती. हो म्हणावं तर ह्या भावाबहिणीत जे उरलंय तेही जाणार. नाही म्हणावं तर मी कसली भाव सांगणारी? मला आठवत होतं ते इतकंच, की पेशंटनं विचारलं नाही तर तुम्ही बळंच काही सांगायच्या नाहीत, पण सरळ विचारलं तर कधी खोटं बोलायच्या नाहीत. हिनं सरळ विचारलं होतं.

"हो," मी म्हणाले. "तो रंग होता, मळ नव्हता. रंगासकट पंधरा हजार झाले असते. आणि धुऊ नका हे मी सांगायला पाहिजे होतं. चूक त्यांची नाही, माझी आहे."

भाऊ उभा राहिला, पुन्हा बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं त्यानं. "अक्का," तो म्हणाला, "मला खरंच न्हाई माहीत. आईशप्पथ. मी चांगलं करायला गेल्तो." ते 'अक्का' मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्याआधी तो तिला नुसतं 'ही' म्हणत होता.

तिनं रुपया उचलला, खिडकीकडं धरला, अंगठ्यानं मिनारांवरून फिरवला. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "आईकडं होता तवा असाच होता."

"काय?"

"असाच पांढरा. दिवाळीला काढायची, पाटावर ठेवून फूल वाह्यची, अन् परत घोंगडीत गुंडाळायची. तुला आठवत न्हाई, तू ल्हान होता. हे निळंपिवळं मी त्या दिवशी इथंच बघितलं. घरी जाऊन मालकाला म्हणलं बी, आईचा रुपया बदलला का काय कुणी."

म्हणजे आई गेली आणि ती पेटी कुणी उघडली नाही, त्या वर्षांत तो रंग चढला होता. मी ज्याचे दहा हजार जास्त धरले होते, ते तिच्या ओळखीचंही नव्हतं.

मग तिनं कमरेचं पाकीट काढलं आणि साडेबाराशे रुपये भावासमोर ठेवले. तो म्हणाला, "येडी झाली का? माझ्यामुळं नुकसान झालं, मी कसे घेऊ?" ती म्हणाली, "भाव ठरला त्याच्या अर्धे तुझे, आसं बोलून आल्तो आपण. घे. न्हाईतर तुझी बायको म्हणंल, अक्कानं फुकट लाटला." त्यावर तो हसला, आधी नाकातून आणि मग मोठ्यानं, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरले. त्यानं पैसे घेतले. मी चहा टाकला. चहा पिताना ते घराच्या कामाबद्दल, कुठल्याशा म्हशीबद्दल बोलत होते, मी तिथं नसल्यासारखे. निघताना तो म्हणाला, "चल, गाडीवर सोडतो धावड्यापर्यंत." ती म्हणाली, "आधी टेंभुर्णीला चल. घर कुठवर आलं ते बघू दे मला." ती मागं बसली, पदर खोचला आणि एका हातानं त्याचा खांदा धरला. रुपया तिच्या दुसऱ्या मुठीत होता.

तुम्ही असता तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. पहिल्याच दिवशी 'धुऊ नका' म्हणाला असता, एवढं नक्की, आणि मग तो रुपया पंधरा हजारांचा राहिला असता. तिला पोत मोडायला लागली असती का, ते दोघं एका गाडीवर गेले असते का, ते मी पुष्कळदा मनात मांडून बघते. ह्या हिशेबाचं उत्तर येत नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, घडी घालून कपाटात ठेवायचं, म्हणून एक सांगून टाकते. सगळे मला म्हणाले की बहीणभाऊ एक झाले, चांगलं झालं. मीही तेच म्हणते. पण बाई, डोळे मिटले की त्या बहिणीचा चेहरा मला नीट आठवत नाही. तो निळा मात्र अजून जसाच्या तसा दिसतो.